भाग बदलल्यानंतर न उठणारा लॅपटॉप

दहाबारा वर्षांचा एखादा लॅपटॉप हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत कपाटाच्या तळाशीं पडलेला आढळतो. मुलें नवीं यंत्रें घेऊन परगांवीं गेलीं कीं जुनें यंत्र वडील मंडळींच्या वांट्यास येतें. त्याची गति मंद म्हणून सुट्टींत आलेला एखादा उत्साही भाचा नवी रॅम घालतो, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवितो, आणि उघडलेंच आहे तर आंतल्या घड्याळाचा सेलही बदलतो. नंतर कळ दाबावी, तों यंत्र उठत नाहीं! 'मदरबोर्ड गेला' असा निकाल घरांतच लागतो आणि भंगारवाल्याची वाट पाहिली जाते. हा निकाल आम्हांस फार घाईचा वाटतो. काल चालणारें यंत्र आज चालत नसेल, तर मध्यंतरीं आपण त्याला काय केलें, हें आधीं विचारावयास हवें.

आमच्या नैयायिकांनीं कार्यकारणसंबंध ठरविण्यास अन्वय व व्यतिरेक हीं साधनें सांगितलीं आहेत. कारण असतां कार्य असतें हा अन्वय; तें नसतां कार्यही नसतें हा व्यतिरेक. तीन भाग एकाच दुपारीं बदलले म्हणजे दोन्हीं साधनें हातचीं जातात. यास्तव जुने भाग जागच्या जागीं बसवून यंत्र उठतें कीं काय तें पाहावें, आणि उठल्यास नवे एकेक करून घालावे. प्रत्येक वेळीं चार्जर व बॅटरी काढून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबूं वा टोचूं नये, आणि पुन्हां घालूंही नये.

कळ दाबल्याबरोबर यंत्र प्रथम स्वतःचीच परीक्षा घेतें. आयबीएमच्या १९८१ सालच्या संगणकांतही ही व्यवस्था होती. ही परीक्षा कोठें अडली, यावरून दोषाचें स्थान कळतें. दिवाच लागत नसेल तर चार्जर पाहावा, आणि झांकण उघडतांना कळीची पातळ फीत निसटली नाहीं ना, तेंही पाहावें. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, किंवा ठराविक शिट्या वाजतात, असें असेल तर संशय रॅमवर घ्यावा. ती तिरपी धरून खांचेंत पुरती सरकवावी व मग खालीं दाबावी. दोन्हीं बाजूंचे चाप 'टक्' वाजले पाहिजेत. डीडीआर-२ ची खांच डीडीआर-३ ला जुळत नाहीं, म्हणून बळ करूं नये. परंतु १.५ व्होल्टची डीडीआर-३ व १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल या दिसावयास जुळ्या बहिणी. इंटेलच्या २०१३ सालच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपांस दुसरीच लागते.

खरी फसगत होते ती यापुढें. कंपनीचें चिन्ह झळकतें आणि मग 'ऑपरेटिंग सिस्टिम सांपडत नाहीं' अशा अर्थाची इंग्रजी ओळ किंवा निळा पडदा येतो. डिस्क नवी असेल तर ती कोरी वही. तींत कांहीं उतरविल्यावांचून यंत्र काय वाचणार? पण डिस्क जुनीच असेल तर? आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. रॅम व सेल तेवढे बदलले होते. दुकानदारानें फॉर्मॅट करण्याचा सल्ला दिला, आणि चिरंजीवांनीं होकारही दिला. त्या डिस्कवर दिवंगत आजींच्या आवाजांतील ओव्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. घरच्या सूनबाईंनीं मात्र पडद्यावरील तारीख कित्येक वर्षें मागची आहे, हें हेरलें व सर्वांना थांबविलें.

त्यांचा तर्क बरोबर होता. पुष्कळ जुन्या यंत्रांत बायोसची मांडणी त्या तीन व्होल्टच्या सेलवर जगते. सेल निघाला कीं घड्याळ मागें जातें आणि डिस्क वाचण्याची रीतही मूळपदावर येते. विंडोज एएचसीआय रीतीनें बसविलेली आणि बायोस आयडीई म्हणूं लागला, तर ०एक्स७बी हा आंकडा दाखवून ती थांबते. यूईएफआय व लीगसी यांचेंही तसेंच. एकीसाठीं सिद्ध केलेल्या डिस्कवरून दुसरीनें यंत्र उठत नाहीं. सूनबाईंनीं बायोसमध्यें ती एक नोंद पूर्ववत् केली, आणि ओव्या वाचल्या. अशा वेळीं डिस्कवरील मजकूर शाबूत असतो. त्याचा नाश होतो तो फॉर्मॅटनेंच.

वायफायचें कार्ड बदलल्यानेंही यंत्र अडूं शकतें. थिंकपॅडच्या कित्येक जुन्या नमुन्यांत कंपनीच्या यादीबाहेरचें कार्ड घातलें तर १८०२ हा आंकडा येऊन सर्व थांबतें, आणि कार्ड काढतांच चालूं लागतें. हा दोष नव्हे, दंडेली आहे.

यंत्र उठलें म्हणजे आधीं फोटो, कागदपत्र व ध्वनिमुद्रणें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीं, मगच झांकण लावावें. त्याचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. आखूड जागीं लांब पिळला तर तो आंतल्या पाटीस भिडतो. म्हणून काढतांनाच कागदावर यंत्राची आकृति काढून ते ज्याच्या त्याच्या जागीं ठेवावे.