नव्याने जोडलेली रॅम संगणकास न दिसणे : कारणे आणि परीक्षणक्रम

१

नांदेड जिल्ह्याच्या सीमावर्ती भागातील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास आज संगणकावाचून पुढे जाता येत नाही. किनवट परिसरातील कोलामी व गोंडी, तांड्यांवरील गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूच्या आणि कन्नडच्या सान्निध्यात वाढलेली मराठी, यांपैकी कोणतीही बोली घेतली तरी अभ्यासकाचे मूळ साधन म्हणजे ध्वनिमुद्रण होय. आणि त्या मुद्रणाचे पृथक्करण करावयाचे ते संगणकावर. या कामी सर्वत्र वापरली जाणारी 'प्रात' ही प्रणाली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केली. डच भाषेत या शब्दाचा अर्थ 'बोल' असा आहे.

आता एक साधे गणित पाहावे. सेकंदास ४४,१०० नमुने या प्रमाणात घेतलेले एका तासाचे एकमार्गी मुद्रण सोळा-बिट रूपात साठविले असता सुमारे ३१ कोटी ७५ लाख बाइट जागा व्यापते. परंतु तेच मुद्रण 'प्रात'मध्ये नेहमीच्या पद्धतीने उघडले की प्रत्येक नमुन्यास दोनऐवजी आठ बाइट लागतात, आणि रॅममधील व्याप चौपट होऊन सुमारे १२७ कोटी बाइटांवर जातो. त्याची गाळणी करून दुसरी प्रत काढली की तो दुप्पट झाला. चार जीबी रॅमच्या संगणकात कार्यप्रणाली व इतर कामे यांचा वाटा वजा जाता एवढी मोकळीक क्वचितच उरते. मग विभाग आणखी चार जीबीची पट्टी विकत घेतो, ती बसवितो, आणि पडद्यावर आकडा मात्र पूर्वीचाच दिसतो.

अशा वेळी घाईने निघणारे निष्कर्ष दोन असतात : पट्टी सदोष आहे, अथवा संगणक निकामी झाला आहे. पहिल्याने चांगली वस्तू परत जाते. दुसऱ्याने अकारण नवा संगणक घेतला जातो. याहून गंभीर शक्यता तिसरी. अर्धवट जुळणारी पट्टी कशीबशी चालू लागते, संगणक तक्रार करीत नाही, आणि रॅममधून जाणाऱ्या माहितीतील एखादा बिट मधूनच उलटत राहतो. जी वक्ती आज हयात नाही तिचे मुद्रण अशा यंत्रावर उघडून पुन्हा साठविले गेले, तर झालेली हानी भरून काढण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून या दोषाचा विचार केवळ दुरुस्तीच्या दुकानावर सोपवून भागत नाही. संशोधकास त्याची उपपत्ती ठाऊक असणे इष्ट आहे.

२

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. 'मेमरी भरली' असे सामान्य बोलण्यात म्हणतात, तेव्हा बहुधा हार्ड डिस्क किंवा फोनमधील कायम साठ्याची जागा अभिप्रेत असते. वीज गेली तरी तो साठा टिकतो. प्रस्तुत विषय आहे तो रॅमचा; म्हणजे काम चालू असताना माहिती ज्या ठिकाणी हाताशी ठेवली जाते आणि वीज जाताच जी रिकामी होते, त्या स्मृतीचा.

दुसरा घोळ 'ओळखत नाही' या क्रियापदाचा आहे. 'संगणक नवी रॅम ओळखत नाही' या एका वाक्यात वस्तुतः तीन भिन्न विधाने दडलेली असतात. एक, पट्टीचा बोर्डाशी विद्युत्-संबंधच जुळलेला नाही. दोन, संबंध जुळला आहे, पण बोर्डाला किंवा प्रक्रियकाला त्या जातीची पट्टी चालविता येत नाही. तीन, बोर्डाने पट्टी पाहिली व स्वीकारली, परंतु कार्यप्रणाली तिचा उपयोग करू शकत नाही. या तिहींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि कोणते विधान खरे हे ठरविल्यावाचून केलेला उपाय अंदाजापलीकडे जात नाही.

३

हे ठरविण्यासाठी संगणक रॅम 'पाहतो' म्हणजे काय करतो, ते समजून घ्यावे लागेल. वीज सुरू होताच बोर्डावरील बायोस ही मूलप्रणाली जागी होते. प्रत्येक पट्टीवर मुख्य चिपांखेरीज एक अगदी लहान चिप असते. तीत त्या पट्टीची जात, क्षमता, वेग व कालमर्यादा नोंदलेल्या असतात. बायोस ती नोंद वाचते, त्याप्रमाणे प्रक्रियकातील नियंत्रकाची जुळणी करते आणि मगच कार्यप्रणालीस पाचारण करते. ही जुळणी नव्या डीडीआर ५ पट्ट्यांच्या बाबतीत पहिल्या वेळी काही मिनिटे चालू शकते व तोवर पडदा काळा राहतो. तेवढ्या वेळात घाबरून वीज बंद करू नये.

यानंतरचा प्रश्न पत्त्यांचा. रॅममधील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक ठरावीक द्विमान अंकांत लिहावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती चाळीस बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. तेवढ्या शब्दांना क्रमांक देण्यास अकरा द्विमान अंक पुरतात. तिची एकंदर क्षमता १०,२४० बाइट भरते. म्हणजे आजच्या आठ जीबीच्या रॅममध्ये तशा आठ लाखांहून अधिक स्मृती मावतील. बत्तीस अंकांत लिहिता येणारे क्रमांक ४,२९,४९,६७,२९६ इतके. हीच चार जीबीची सुप्रसिद्ध मर्यादा होय. एखाद्या गावात घरांचे क्रमांक तीनच आकड्यांत लिहिण्याचा नियम असेल, तर पुढील घर कितीही भक्कम बांधले तरी टपालवाला तेथे पोहोचणार नाही. रॅमच्या बाबतीतही पट्टी असणे आणि तिला पत्ता असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

४

आता पहिल्या विधानाकडे वळू. पट्टी नीट न बसणे हे सर्वांत साधे कारण आहे आणि म्हणून ते सर्वांत आधी पाहावे. संगणक पूर्ण बंद करून वीजेची तार काढावी. लॅपटॉप असल्यास बॅटरीही विलग करावी. नंतर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते आणि तिचा न जाणवणारा झटकाही चिपेस पुरेसा ठरतो. याकरिता पट्टीस हात लावण्यापूर्वी संगणकाच्या धातूच्या सांगाड्यास स्पर्श करावा आणि पट्टी कडेने धरावी.

पट्टीच्या खालच्या कडेची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळते की नाही ते पाहून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. टोकाचे खटके आपोआप बसले पाहिजेत. एक टोक वर राहणे हा नेहमीचा प्रमाद आहे. उन्हाळ्यात मराठवाड्यात उडणारी बारीक धूळ स्लॉटमध्ये साचते व पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटे चढतात. स्लॉट कोरड्या मऊ ब्रशने साफ करावा. पट्टीची टोके खोडरबराने हलकेच पुसून त्याचा कीस पूर्ण झटकावा. तोंडाने फुंकर घालू नये, कारण तीतून ओलावा जातो.

५

दुसरे विधान जातींच्या भेदाचे आहे. डीडीआर २ व डीडीआर ३ या दोहोंच्या पट्ट्यांना २४० पिना, तर डीडीआर ४ व डीडीआर ५ या दोहोंच्या पट्ट्यांना २८८ पिना असतात. लांबीही सारखीच दिसते. तथापि खाचेची जागा प्रत्येक पिढीत वेगळी ठेवलेली आहे आणि वीजदाबही अनुक्रमे १.८, १.५, १.२ व १.१ व्होल्ट असा निरनिराळा आहे. म्हणून पट्टी बसत नसेल तर जोर लावणे हा उपाय नव्हे. ती त्या बोर्डाची नाही असे समजावे.

खाच जुळूनही पट्टी नाकारली जाण्याची कारणे याहून सूक्ष्म आहेत. सर्व्हरसाठी केलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या स्वस्तात मिळाल्या तरी सामान्य डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत. जुन्या बोर्डांत आणखी एक अडचण येते : चार जीबीची पट्टी सोळा चिपांची असली तर चालते, पण तीच क्षमता अधिक घनतेच्या आठ चिपांत भरलेली असली, तर जुना नियंत्रक ती निम्मी मोजतो किंवा मुळीच मोजत नाही. शिवाय प्रत्येक बोर्डास एकंदर रॅमची आणि दर स्लॉटमागची कमाल मर्यादा असते. ती खरेदीपूर्वीच बोर्डाच्या पुस्तिकेत पाहिली पाहिजे. काही मर्यादा बायोसच्या नव्या आवृत्तीने दूर होतात. बायोसमधील जुनी जुळणी पुसण्यासाठी नाण्याच्या आकाराची बॅटरी काही वेळ काढून ठेवण्याची रीतही उपयोगी पडते. प्रक्रियकाच्या सॉकेटमधील एखादी पिन वाकली असेल तर पट्टी व स्लॉट दोन्ही निर्दोष असूनही एक बाजू आंधळी राहते, हेही ध्यानात असावे.

६

तिसऱ्या विधानाची खूण सोपी आहे : बायोसच्या पडद्यावर पूर्ण आकडा दिसतो, पण कार्यप्रणालीत कमी. विंडोज ७ मध्ये 'आठ जीबी बसविलेली, ३.२५ जीबी वापरण्याजोगी' अशा धर्तीची ओळ दिसली, तर कार्यप्रणाली बहुधा ३२-बिट आहे असे जाणावे. चार जीबींपैकीही काही क्रमांक ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यामुळे आकडा चाराच्याही खाली उतरतो. येथे उपाय रॅमचा नसून ६४-बिट कार्यप्रणाली बसविण्याचा आहे. अर्थात् त्यापूर्वी सर्व मुद्रणांची प्रत अन्यत्र काढून ठेवली पाहिजे.

६४-बिट असूनही मर्यादा संपत नाहीत. विंडोज ७ च्या होम बेसिक आवृत्तीस ८ जीबी, तर होम प्रीमियमला १६ जीबी ही सीमा होती. बोर्डावरील ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा घेतो. टास्क मॅनेजरमध्ये तो 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' या नावाखाली दिसतो. तेथेच किती स्लॉट भरलेले आहेत हेही कळते. पूर्वी कोणी 'एमएसकॉन्फिग'मधील 'मॅक्सिमम मेमरी' ही खूण करून ठेवली असेल, तर नवी रॅम त्या जुन्या आकड्यापाशीच अडते. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा बायोसने नोंदलेल्या पट्ट्या दाखविते आणि 'फ्री' ही आज्ञा प्रत्यक्ष उपलब्ध रॅम. या दोन आकड्यांत तफावत पडली म्हणजे दोष कोणत्या पायरीवर आहे हे स्पष्ट होते.

७

परीक्षणाची रीत भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास नवीन वाटू नये. 'मन' आणि 'मण' या जोडीत एकच ध्वनी बदलतो, बाकी सर्व स्थिर राहते, म्हणूनच अर्थभेदाचे कारण न आणि ण यांच्या भेदात आहे असे निःशंकपणे म्हणता येते. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

जुनी पट्टी 'क', नवी पट्टी 'ख', आणि स्लॉट दोन असे धरू. एका वेळी एकच पट्टी बसविल्यास चार प्रयोग होतात. 'क' दोन्ही स्लॉटांत चालते व 'ख' कोठेही चालत नाही, तर दोष 'ख'मध्ये किंवा तिच्या जुळणीत आहे. 'क' आणि 'ख' दोन्ही पहिल्या स्लॉटमध्ये चालतात व दुसऱ्यात चालत नाहीत, तर संशय दुसऱ्या स्लॉटवर वा सॉकेटवर जातो. तथापि काही बोर्डांत एकटी पट्टी विशिष्ट स्लॉटमध्येच चालते, हे पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. चारही प्रयोग यशस्वी होऊन दोन्ही पट्ट्या एकत्र मात्र चालत नसतील, तर दोष त्यांच्या परस्पर मेळाचा अथवा एकंदर मर्यादेचा असतो. 'ख' सदोष आहे की केवळ विजोड आहे, हा उरलेला प्रश्न तिच्याच जातीची रॅम घेणाऱ्या दुसऱ्या संगणकात ती बसवून सोडविता येतो.

आकडा पूर्ण दिसू लागला म्हणजे काम संपले असे नव्हे. मेमटेस्ट८६ सारखी परीक्षक प्रणाली रात्रभर चालवावी. ती प्रत्येक पत्त्यावर ठरावीक आकृती लिहून पुन्हा वाचते. तीत एकही चूक आढळली तर ती पट्टी संशोधनाच्या यंत्रात ठेवू नये. तोवर मूळ मुद्रणे त्या संगणकावर उघडू नयेत.

शेवटी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. 'प्रात'मध्ये दीर्घ मुद्रण 'लाँगसाउंड' या रूपाने उघडण्याची सोय आहे. त्यात संपूर्ण मुद्रण रॅममध्ये न घेता हवा तो भागच डिस्कवरून वाचला जातो. किनवटच्या एका तासाच्या कथनातून तीन मिनिटांचा उतारा काढावयाचा असेल, तर जुन्या चार जीबींतही काम सुखाने होते. रॅम वाढविणे ज्यांना खरोखर अपरिहार्य आहे त्यांनी ती अवश्य वाढवावी. मात्र पट्टी घेण्याआधी बोर्डाची पुस्तिका, कार्यप्रणालीचा प्रकार आणि कामाची पद्धत या तिहींची तपासणी झालेली असावी, म्हणजे नवी रॅम न दिसण्याचे बहुतेक प्रसंग उद्भवणारच नाहीत.