लिनक्स टाकलं आणि ‘डी ड्राइव्ह’ उघडेना? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० सारख्या अटी असल्याने अनेक जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत. अशा वेळी उबंटू किंवा मिंट ही मोफत लिनक्स प्रणाली हा सोपा पर्याय ठरतो. मात्र इन्स्टॉल झाल्यावर पहिला धक्का बसतो तो इथे : लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट ठेवलेला ‘डी ड्राइव्ह’ दिसतच नाही किंवा उघडत नाही. घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो.

सी, डी, ई गेले कुठे?

लिनक्समध्ये ड्राइव्हला अक्षरं नसतात. डिस्कचा प्रत्येक भाग, म्हणजेच पार्टिशन, एखाद्या फोल्डरला जोडावा लागतो. या जोडणीला ‘माउंट’ करणं म्हणतात. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत ‘५०० जीबी व्हॉल्यूम’ असं काही दिसत असेल, तर तोच तुमचा जुना डी ड्राइव्ह असू शकतो. त्यावर क्लिक केलं की तो माउंट होतो.

क्लिक केल्यावर एरर का येते?

‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा संदेश आला की डिस्क खराब झाली असंच वाटतं. पण अनेकदा कारण साधं असतं. विंडोजमधल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सुविधेमुळे शटडाउन केल्यावरही संगणक पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. ड्राइव्हवर ‘काम अपूर्ण’ अशी खूण राहते. ती पाहून लिनक्स ड्राइव्ह उघडायला नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरता उघडतं. तुमच्या फाइल्स बिघडू नयेत, म्हणून घेतलेली ही खबरदारी असते.

काय कराल?

● विंडोज अजून संगणकात असेल, तर ते सुरू करून कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. मग शिफ्ट बटण दाबून ठेवून शटडाउन करा.

● तरीही एरर आली, तर विंडोजमध्येच त्या ड्राइव्हवर ‘चेकडिस्क’ चालवा.

● विंडोज काढून टाकलं असेल, तर डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडून हीच तपासणी करा. ड्राइव्ह वाचता येत असेल, तर आधी फाइल्स दुसरीकडे कॉपी करा.

● डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रयोग थांबवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे जा.

ड्राइव्ह पासवर्ड मागतोय?

मग तो ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद आहे. अनेक लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. ते उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. लिनक्स टाकण्याआधीच ती कागदावर उतरवून ठेवा. की हरवली, तर डेटा परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

डिस्कच दिसत नाही?

काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ मोडवर असतं. ‘एएचसीआय’ मोड केल्यावर डिस्क दिसू लागते. पण सोबत विंडोज असेल, तर या बदलाने ते सुरूच न होण्याची शक्यता असते. त्यामुळे बॅकअपशिवाय याला हात लावू नका.

दर वेळी माउंट करावं लागतं?

उबंटूच्या ‘डिस्क्स’ अॅपमध्ये पार्टिशन निवडून ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जा आणि संगणक सुरू होताच माउंट होण्याचा पर्याय निवडा. ही नोंद ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये होते. ही फाइल हाताने बदलताना एक चूक झाली, तरी संगणक ‘इमर्जन्सी मोड’मध्ये अडकू शकतो. ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय असला, तर ड्राइव्ह सापडला नाही तरी संगणक सुरू होतो.

लक्षात ठेवा : एरर दुरुस्त करता येते. फॉरमॅट केलेल्या डिस्कवरचे फोटो परत मिळतीलच, याची मात्र खात्री नसते.