हा ठणका पित्ताचा नव्हे

आमच्या गटातल्या एका काकूंचा डोळा आणि अर्धं डोकं संध्याकाळी एकाएकी ठणकू लागलं. दोन उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्ताची गोळी दिली, बाम चोळला. "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय," असं त्या सांगत होत्या, कुणी मनावर घेतलं नाही. सकाळी डोळा लालभडक, नजर धूसर.

हा अचानक येणारा काचबिंदू. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं (अश्रू नव्हेत, ते वेगळे) आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक वाटेने निघून जातं. ती वाट बंद झाली, की पाटाचं तोंड बुजल्यासारखं पाणी तुंबतं. डोळ्याचा दाब एरवी 10 ते 21 असतो, तो 40 च्याही पुढे जातो आणि मागची नस मरू लागते. नस मेली की ती नजर परत येत नाही, म्हणून त्याच रात्री निघायचं. चाळिशीनंतर हा त्रास पुरुषांपेक्षा आपल्या बायकांनाच जास्त होतो.

दवाखान्यात थेंब, गोळ्या, लागलं तर शिरेतून औषध देऊन आधी दाब उतरवतात. मग लेसरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. चांगल्या डोळ्यालाही बहुधा तेच करतात, कारण पुढची पाळी त्याची असू शकते. काकू त्यालाच नको म्हणत होत्या! काहींचा मोतीबिंदू काढावा लागतो.

नारायणगावला पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांच्या संस्थेचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. रात्रीबेरात्री 108 ला फोन करा, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथे आधी डोळ्याचं सांगा, उलटीचं मागाहून.