आरमारी जहाजावरचा बिनहुद्द्याचा शास्त्रज्ञ

इंग्लंडच्या आरमाराचे ‘रॅटलस्नेक’ जहाज १८४६ च्या डिसेंबरात प्लिमथहून निघाले, ते ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येची प्रवाळखडकांतली वाट आणि टॉरेसची सामुद्रधुनी मोजण्यासाठी. गलबतांना निर्धोक वाट हवी होती. प्राण्यांची चौकशी हा त्या सफरीचा जोडधंदा! त्यासाठीही जॉन मॅकगिलिव्हरे हा नेमलेला निसर्गशास्त्रज्ञ जहाजावर होताच. एकवीस वर्षांचा टॉमस हक्स्ली नुसता दुय्यम डॉक्टर.

पक्षी, शिंपले गोळा करणे मॅकगिलिव्हरेकडे. हक्स्लीने निवडले जेलीफिश आणि त्यांचे तरंगते भाईबंद. पाण्यात असतील तोवर काचेची झुंबरे, बाहेर काढले की चिकट गोळा! स्पिरिटच्या बाटलीत ठेवावे, तर रूप पार बिघडते. तेव्हा जाळ्यात प्राणी आला, की लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा, उलगडायचा, चितारायचा. कप्तान ओवेन स्टॅन्लेने नकाशांच्या खोलीत एक कोपरा दिला होता, एवढीच मेहेरबानी. (डोलत्या जहाजावर हे करणे म्हणजे काय, ते बैलगाडीत बसून सुईत दोरा ओवणाऱ्यालाच कळावे.)

इतर अधिकाऱ्यांना याची मोठी गंमत वाटे. हक्स्लीजवळ बुफाँच्या नावाची फ्रेंच ग्रंथमाला होती. म्हणून त्याने पकडलेला कोणताही प्राणी त्यांच्या लेखी ‘बुफाँ’! डेक घाण होतो म्हणून हे ‘बुफाँ’ प्रसंगी परत समुद्रात जात.

या कटकटीतून त्याच्या ध्यानात आले, की रूपे नाना असली तरी या प्राण्यांची घडण दोनच पापुद्र्यांची आहे. एक बाहेरचा, एक आतला. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांच्या गर्भातही आरंभी असेच पदर असतात, हे साम्यही त्याने नोंदले. मला वाटते, त्या नाजूकपणाचेच हे उपकार. बाटल्या भरता आल्या असत्या, तर तोही चिठ्ठ्या चिकटवीत बसला असता.

लंडनच्या लिनिअन सोसायटीकडे तो निबंधांवर निबंध धाडी. उत्तर नाही. इकडे सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्नशी लग्न ठरलेले. तुटपुंज्या पगारात संसार मांडायचा कसा? विद्वानांनी दखल घेतली, तरच वाट उघडणार. जेलीफिशवरचा मोठा निबंध कप्तानाच्या वडिलांमार्फत, म्हणजे नॉर्विचच्या बिशपांमार्फत, रॉयल सोसायटीकडे गेला आणि १८४९ मध्ये छापलाही गेला. हक्स्लीला पत्ता नाही!

१८५० च्या मार्चमध्ये कप्तान स्टॅन्ले सिडनीत वारला. त्याच वर्षअखेर हक्स्ली मायदेशी पोचला, तो छापील निबंधाच्या प्रतींचे भलेमोठे पुडके त्याची वाट पाहत होते. १८५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. लग्नाला मात्र १८५५ साल उजाडले.