गाठ वाढते का, ते तीन महिन्यांनी सांगतो

फुफ्फुसाला दुखत नाही. त्याच्या आवरणाला दुखतं, छातीच्या भिंतीला दुखतं, पण आतल्या ऊतीत वेदना पोचवणारे मज्जातंतू जवळपास नसतातच. म्हणून मिरीच्या दाण्याएवढी गाठ तिथे मुकाट्याने वाढत राहू शकते. खोकल्यातून रक्त पडू लागतं, वजन उतरतं, तेव्हा माणूस दवाखाना गाठतो. तोवर कर्करोग अनेकदा फुफ्फुसाबाहेर गेलेला असतो.

मग त्रास सुरू होण्याआधीच आत डोकावलं तर? साध्या एक्स-रेने ते करून पाहिलं गेलं. लहान गाठी फासळ्यांच्या आणि हृदयाच्या सावलीत लपून राहिल्या, मृत्यू काही कमी झाले नाहीत. चित्र पालटलं ते कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर मोठी चाचणी झाली, सगळे भरपूर धूम्रपान केलेले. २०११ मध्ये निष्कर्ष आला: एक्स-रे काढलेल्यांच्या तुलनेत सीटी केलेल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

मात्र याच चाचणीत सीटीवर संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निकालांमध्ये कर्करोग नव्हताच! जुन्या संसर्गाची खूण, क्षयाचा भरून आलेला व्रण, एखादी इवलीशी लसिकाग्रंथी, स्कॅनवर सगळ्यांचा दिसतो एक पांढरा ठिपका. प्रत्येक ठिपक्यात सुई घालायची म्हटली, तर फुफ्फुसाला भोक पडण्याचा धोका निरोग्यांच्याच वाट्याला येणार.

नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘नेल्सन’ चाचणीने यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यांनी गाठीची रुंदी न बघता संगणकाकडून तिचं घनफळ मोजून घेतलं. यामागचं गणित शाळेतलंच आहे. पाच मिलिमीटर व्यासाची गोल गाठ सव्वासहा मिलिमीटरची झाली, तर डोळ्यांना फरक जेमतेम जाणवेल. घनफळ मात्र जवळजवळ दुप्पट झालेलं असतं! घनफळ ५० घन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर काळजी नाही, ५०० च्या वर असेल तर थेट छातीच्या डॉक्टरांकडे. मधल्या गाठींना हात लावायचा नाही. तीन महिने थांबायचं आणि पुन्हा स्कॅन करायचा. घनफळ निदान पाव पटीने वाढलं असेल तरच ती वाढ खरी धरायची, कारण मोजणीतही थोडी चूक असतेच. मग ती गाठ किती दिवसांत दुप्पट होईल ते काढायचं. चारशे दिवसांच्या आत होणार असेल, तर पुढच्या तपासण्या लगेच.

सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. काळालाच तपासनीस नेमलं. भरलेला व्रण तीन महिन्यांनी तेवढाच राहतो, कर्करोग सहसा राहत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार दहा वर्षांत पुरुषांमधले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले, आणि संशयावरून पुढे पाठवावं लागलं ते अवघ्या २.१ टक्के स्कॅनमध्ये.

ही तपासणी सरसकट सगळ्यांसाठी नाही. वय पन्नाशीच्या पुढे आणि वर्षानुवर्षं धूम्रपान, अशांनाच तिचा फायदा सिद्ध झाला आहे, आणि सिगारेट सोडण्याला ती पर्याय नाही. आपल्याकडे क्षयाच्या जुन्या खुणा असलेली फुफ्फुसं घरोघरी आहेत, त्यामुळे इथे ठिपके अधिक दिसणार आणि तुलनेसाठी जुन्या स्कॅनची गरजही अधिक भासणार. तेव्हा एक विनंती: छातीचा सीटी कधीही, कशासाठीही केला असेल, तर नुसता कागदी रिपोर्ट ठेवू नका. त्याची सीडी मागून घ्या, तारीख घालून जपा, आणि पुढच्या स्कॅनला जाताना सोबत न्या.