तळं मोजायचं कसं?

रामटेकच्या गडमंदिरावरून सप्टेंबरात खाली पाहिलं, की पायथ्याशी अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचा विस्तार आणि धानाच्या शिवारात चमकणारे असंख्य तुकडे दिसतात. त्यातलं तळं कोणतं आणि काठोकाठ भरलेली बांधी कोणती, ते इतक्या उंचीवरून नेमकं सांगता येत नाही. उपग्रहाचीही अडचण साधारण हीच.

पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव आहेत. अनेक तलाव कोहळी समाजाच्या हातचे. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी काढून देणारी सलंग. वरच्या तळ्याची सलंग वाहिली की खालचं भरायचं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. माळ एकच, पण मणी दोन दप्तरांत.

मोजणीची या मातीला नवलाई नाही. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी करणारा लॅम्बटन १८२३मध्ये हिंगणघाटला वारला. १९८८पासून महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र नागपुरातच आहे. २०२३मध्ये देशातल्या जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध झाली: २४ लाखांवर जलसाठे, त्यांपैकी महाराष्ट्रात ९७ हजारांच्या आसपास. अतिक्रमण मात्र देशभरात जेमतेम १.६ टक्के! विदर्भातल्या तळ्यांच्या पाळीवरून फिरलेला माणूस हा आकडा वाचून गालातल्या गालात हसेल.

उपग्रहाचा नकाशा निरुपयोगी, असं मला म्हणायचं नाही. पाण्याचा पसारा दरसाल किती आटतो, हे त्याच्याइतकं स्वस्तात कुणी सांगत नाही. पण पसारा म्हणजे साठा नव्हे. तळात गाळ किती, पाणी मुरतं किती, ते चित्रात उमटत नाही. मुरण्याचा अंदाज घ्यायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी कामाला येतात. त्यांची पातळी वर्षातून चारदा नोंदली जाते. पाळीखालच्या आणि दूरच्या विहिरींची पावसाळ्यानंतरची व मे महिन्यातली पातळी शेजारी मांडली, तर कोणतं तळं जमिनीत पाणी मुरवतं याचा अदमास येतो. गाळ काढायला आधी कोणतं घ्यायचं, हा निर्णय तिथे सुरू व्हावा. प्रत्यक्षात तो बहुधा रस्त्यालगतच्या, जेसीबी सहज पोचणाऱ्या तळ्यापासून सुरू होतो.

आणखी एक नकाशा कागदावर नसतोच. गोंदिया-भंडारा भागात ढिवर समाजाच्या लोकांनी तळ्यातल्या वनस्पती आणि मासे यांच्या नोंदी केल्या; मग बायांच्या गटांनी बेशरम नावाचं माजलेलं झुडूप उपटून देशी पाणवनस्पती लावल्या. त्यामागचा हिशेब साधा होता: कोणत्या गवताशी कोणता मासा अंडी घालतो. सरसकट खरवडून तळं ‘खोल’ करणाऱ्या अंदाजपत्रकात मासा हा रकानाच नसतो. निस्तार पत्रकात मात्र कुणाचा कशावर हक्क, हे गावागणिक लिहिलेलं आहे. दुरुस्तीच्या फाइलला उपग्रहाचं रंगीत चित्र हौसेनं जोडलं जातं; हे जुनं पत्रक मागवलं, तर ते तहसिलीतून बाहेर काढायलाच दोन हेलपाटे पडतील.