पांदणीतून आलेली गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तिवसा हे नागपूर–अमरावती रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. या रस्त्याला आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ झाला आहे. याच महामार्गावर पुढे, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. माझं गॅरेजही याच महामार्गाच्या कडेला आहे. पण खरं सांगायचं तर माझं पोट या रस्त्यावर चालत नाही, ते चालतं पांदणीवर.

पांदण म्हणजे गावातून वावराकडे जाणारी वाट. दोन्ही बाजूंना धुरे, धुऱ्यावर बाभळी आणि मधे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, आमच्या भागातल्या काही पांदणींवर मुरूम पडला. पण ज्या पांदणीवर अजून काळी मातीच आहे, तिथे पावसाळ्यात गाडी घालणं म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मला आज सांगायचं आहे ते गाडी त्या चिखलातून बाहेर निघाल्यानंतरचं. कारण ती बाहेर निघाली की आपण सुटलो असं समजतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. श्रावणातली रात्र, तीन दिवसांची झड. आमच्या शेजाऱ्यांच्या वावरात राखणीला असलेल्या गड्याला साप चावला. वावर गावापासून तीन किलोमीटर आत, मधे एक नाला. मोटारसायकल जाणं शक्य नव्हतं आणि ट्रॅक्टर दुसऱ्या गावी गेलेला. माझ्याकडे तेव्हा जुनी, चारही चाकांना जोर जाणारी डिझेल जीप होती. ती घेऊन निघालो. जाताना नाल्याचं पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत होतं, येताना ते थोडं वाढलं होतं. दोनदा गाडी रुतली, दोनदा निघाली. गड्याला वेळेत दवाखान्यात पोचवलं, सर्पदंशाचं औषध मिळालं आणि तो वाचला.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली. म्हणजे काय केलं, तर बोनेट, काचा, दारं आणि चाकं वरून स्वच्छ केली. गाडी चमकली, माझं समाधान झालं. आठवड्याने पाहुणे आले होते, त्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. येताना परतवाड्याकडचा घाट उतरत असताना गाडी उजवीकडे ओढायला लागली. मग जळका वास आला. मग ब्रेकचा पेडल पहिल्यापेक्षा खोल जायला लागला. गाडीत सहा माणसं, त्यांत दोन लहान मुलं. खालच्या गियरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढत, गाडी डोंगराच्या अंगाला घासत कशीबशी थांबवली. उतरून उजव्या चाकाच्या हबजवळ हात नेला तर हात लावण्याची सोय नव्हती.

चाक उघडलं तेव्हा आत पांदण सापडली. ब्रेकच्या ड्रममध्ये काळी माती वाळून विटेसारखी झाली होती आणि लायनर ड्रमला घासत राहिला होता. व्हील सिलिंडरचं रबर कचऱ्याने फाटून ब्रेक ऑईल झिरपत होतं. बेअरिंगमधलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. तेव्हा या धंद्यात मला वीस वर्षं झाली होती. दुसऱ्याची गाडी असती तर मी पहिल्याच दिवशी चाक खोललं असतं.

तर मंडळी, असं का होतं ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट माती. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार मोठं असतं आणि तिचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान असतात. पाणी मिळालं की ही माती फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून कडक होते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्या यामुळेच. पांदणीत ती ओली असताना चाकाला आणि ब्रेकच्या फटीत जाऊन बसते, रेडिएटरच्या जाळीत भरते. दोन दिवसांनी वाळली की निघत नाही. चाकाच्या रिंगला आतून किलो-दोन किलो माती एकाच बाजूला चिकटलेली असेल तर हायवेवर वेग घेतल्यावर स्टीयरिंग थरथरतं. लोक म्हणतात अलाइनमेंट गेली. पुष्कळदा अलाइनमेंट ठीक असते, खरपण्याने माती काढली की थरथर जाते.

दुसरी गोष्ट पाणी. गाडी चालून चालून हब, डिफरेन्शियल आणि गियर बॉक्स गरम झालेले असतात. त्यांच्या आतली हवाही गरम होऊन फुगलेली असते. गाडी एकदम थंड पाण्यात उतरली की ती हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ऑईल सीलच्या कडेने आत ओढून घेते. म्हणजे सील फुटलेलं नसलं तरी पाणी जाऊ शकतं. डिफरेन्शियलला हवा खेळण्यासाठी वर एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बुजली असेल तर हवेला दुसरी वाट राहत नाही आणि सीलवरचा ताण आणखी वाढतो. पाणी ऑईलमध्ये मिसळलं की वंगणाचं काम अर्धवट होतं, बेअरिंगला गंज धरतो. हे त्या दिवशी कळत नाही. महिन्याने 'घुंऽऽ' असा आवाज यायला लागतो, तेव्हा कळतं.

तिसरी गोष्ट जोर. चार चाकांच्या जीपमध्ये लो गियर टाकला की चाकांकडे जाणारा जोर सुमारे अडीचपट होतो. चाक चिखलात नुसतं फिरत असतं, आपण ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि मधेच चाकाखाली दगड किंवा मुरूम येतो. चाक एकदम पकड घेते. तो सगळा झटका क्रॉस, शाफ्ट आणि ॲक्सलवर बसतो. क्रॉसच्या टोप्यांमधल्या बारीक सुया तिथे दबतात. मग हायवेवर गियर बदलताना 'खट्' असा आवाज येतो. आणखी एक. पांदणीतून डांबरीवर आल्यावर पुढच्या चाकांचा जोर काढायला कित्येकजण विसरतात. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात, कोरड्या डांबरीवर घसरायला जागा नसते. म्हणून शाफ्ट पिळले जातात आणि टायर झिजतात.

चौथी गोष्ट हादरा. चाकोरीत एक चाक वर, एक खाली, असं चालताना पाट्यांवर वाकडा ताण येतो. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. ओळखायचं सोपं आहे. दोन्ही मागच्या चाकांचं मडगार्डपासूनचं अंतर मोजा, फरक दिसला तर गाडी खोला.

हे झालं पावसाळ्याचं. उन्हाळ्यात चिखल नसतो, पण फुफाटा असतो. ही धूळ एअर फिल्टर बुजवते. फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसलेला नसेल तर ती इंजिनात जाते आणि पिस्टनच्या रिंगा पॉलिश पेपरसारखी झिजवते. मग गाडी धूर सोडते, ऑईल पिते. तुरीचं पीक कापलेल्या वावरातून गाडी नेली तर तुरीचे खुंट टायरच्या कडेला कापतात. कडेचा चिरा पंक्चरवाल्याकडे टिकाऊपणे दुरुस्त होत नाही. आणि वाळलेलं गवत किंवा कुटार सायलेन्सरला अडकलं तर आग लागायला वेळ लागत नाही. गाडी थांबवली की खाली वाकून एकदा बघावंच.

आता काय करायचं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जीप बनली आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी ती जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून ती आपल्या खेड्यापाड्यांत आली. त्या काळातल्या लष्करी पुस्तिकेत चालकाने गाडी निघण्यापूर्वी, चालताना, थांब्यावर आणि चालून झाल्यावर, अशी चार वेळा तपासायची, असा नियम होता. आपण फार तर निघण्यापूर्वी हवा-पाणी बघतो. आपल्याकडून राहून जाते ती शेवटची तपासणी.

ती अशी करा. माती ओली आहे तोवर गाडी खालून धुवा. आधी इंजिन थंड होऊ द्या. रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर, अशी धुवा, म्हणजे माती आत ढकलली जाणार नाही. वॉशिंग सेंटरवर जोराचं पाणी थेट बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगवर मारू देऊ नका. मग पाच-सहा किलोमीटर सावकाश चालवा आणि मधूनमधून ब्रेक हलका दाबत राहा. ओले लायनर त्याने वाळतात. थांबून चारही हबच्या जवळ हात न्या. तीन कोमट आणि एक कढत असेल तर त्या चाकात ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग बिघडतंय. ही परीक्षा फुकट आहे, तिला मेकॅनिक लागत नाही. त्या दिवशी चिखलदऱ्याला जाताना मी अमरावतीला चहासाठी थांबलो होतो, तेव्हा ती केली असती तर घाटातला प्रसंग आलाच नसता.

गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑईलपेक्षा जड असतं, ते तळाशी बसतं. सकाळी डिफरेन्शियलचा खालचा बोल्ट जरासा सैल केला की आधी पाणी असेल तर पाणी गळतं. ऑईल दुधाळ दिसलं तरी ते बदलायचंच, त्यात काटकसर नको. बेअरिंगचं ग्रीस नवं भरा, क्रॉसला आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीसिंग करा. स्टीयरिंग दुसऱ्याला हलवायला सांगून टाय रॉडची टोकं ढिली झालीत का ते बघा. नव्या गाड्यांना खाली ऑईल चेंबर नीचा असतो, त्याला दगड लागून पोचा पडलाय का ते बघा. पुढच्या चाकांच्या ॲक्सलवरची रबरी टोपणं फाटली असतील तर ती लगेच बदला. टोपण स्वस्त असतं, ते न बदलल्याने जाणारा जॉइंट महाग असतो.

मोटारसायकलवाल्यांनी हे चारचाकीचं प्रकरण समजू नये. मडगार्ड आणि टायरच्या मधे माती भरून चाक जाम होतं, ते तुम्ही काडीने काढताच. पण साखळीतली माती तशीच राहते आणि ऑईल टाकलं की ती त्यात कालवून कानशीसारखी साखळी घासते. आधी साखळी धुवा, वाळवा, मग ऑईल टाका. पुढच्या फोर्कच्या नळीवरची वाळलेली माती ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ती सील कापते.

मी हा सगळा हिशेब पैशांचा म्हणून सांगत नाही. आमच्याकडच्या गाड्या दिवसा कापूस, संत्री आणि माणसं वाहतात आणि रात्री-बेरात्री त्याच दवाखान्याची गाडी होतात. कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठची वावरं असोत की मोझरीच्या मागची, अडचणीच्या वेळी जी गाडी पांदणीत जाईल तीच कामाची. आणि ती दुसऱ्यांदा जाईल की नाही, हे पहिल्यांदा बाहेर आल्यानंतर आपण काय केलं त्यावर ठरतं.

तो गडी अजूनही दर पोळ्याला गॅरेजवर येतो. घाटातला प्रसंग मी त्याला पुष्कळ दिवसांनी सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, मले वाचवाले गेल्ती गाडी अन् तुमचीच लेकरं जात होती का? असं होत असन त त्या दिवशी मलेच सांगाचं होतं. मी धुतली असती खालून."

तेव्हापासून पांदणीतून आलेली कुठलीही गाडी माझ्याकडे आली की आधी मी खाली सतरंजी टाकतो आणि बॅटरी घेऊन गाडीखाली जातो. वरचं धुणं मग.